ताटाच्या मापाचा ड्रॉवर

लकवा आला तसा गेला, पण जाताना माझ्या नवऱ्याचा उजवा हात घेऊन गेला. म्हणजे हात होता जागेवरच, खांद्यापासून बोटांपर्यंत शाबूत, नुसता त्यात जीव उरला नव्हता. डाव्या हातानं धरला तर छातीपर्यंत उचलला जायचा, पण बोटांना घास धरता येत नव्हता. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे वाक्य कितीतरी पेशंटच्या घरच्यांना ऐकवून मी त्यांना वाटेला लावलं होतं. स्वतःच्या घरात तेच म्हणायची वेळ आली, तेव्हा कळलं की ऐकणाऱ्याला ते किती कडू लागत असेल.

ह्यांना मात्र कडू लागलं नाही. ह्यांनी डाव्या हाताला कामाला लावलं. शर्टाची बटणं, फोन, दात घासणं, सगळं एकेक करून शिकले. डाव्या हातानं दाढी करताना गालावर चिरा पडल्या तर आरशात पाहून म्हणाले, "इकडचा न्हावी नवा हाय." मला हसू आलं आणि मी पाठ फिरवून कापूस आणायला गेले, कारण हसता हसता दुसरंच काही व्हायला लागलं होतं.

अडलं ते फक्त जेवणापाशी. डाव्या हातानं खाताना कोणी दिसलं की माझी सासू मनगटावर फटका द्यायची, आणि तो फटका ह्यांच्या मनगटात म्हातारपणापर्यंत राहिला होता. मी चमचा दिला. "भाकर काय चमच्यानं खातेत?" मी भरवते म्हटलं. पहिले काही दिवस भरवून घेतलं, डोळे मिटून, इंजेक्शन घ्यावं तसं. मग एक दिवस म्हणाले, माझं ताट मागच्या शेडात आणून ठेवत जा, मी माझं पाहीन. शेडाचं दार आतून लावलं आणि एकटे डाव्या हातानं जेवले. त्या दिवसापासून त्यांना जेवताना कोणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

हे ऐकायला लहान वाटेल. पण हा माणूस पंगतीचा होता. डेपोत मेकॅनिक होते तेव्हा ह्यांचा डबा कधी ह्यांच्या एकट्याच्या पोटात गेला नाही. मी दोन माणसांचं बांधून द्यायचे आणि तरी संध्याकाळी घरी येऊन "भूक लागली वं" व्हायचं. विहारात पौर्णिमेचं जेवण असलं की सगळ्यांत आधी बसणार, सगळ्यांत शेवटी उठणार, आणि मधल्या वेळात उठून वाढूनही येणार. एकट्यानं जेवलेलं अंगाला लागत नाही, असं ह्यांचंच म्हणणं. आता कोणीही बोलावलं की एकच उत्तर, "आत्ताच जेवलो." मंगरूळपीरला भाचीचं लग्न होतं तिथेही आत्ताच जेवलो, शेजारी कोणाचं बारसं होतं तिथेही आत्ताच जेवलो. इतकं जेवणारा माणूस दिवसेंदिवस बारीक कसा होतो, हे कोणी विचारलं नाही. मला मात्र भीती वाटायची. पंगतीतून उठलेला माणूस पुढे घरातूनही उठतो, हे मी दवाखान्यात पाहिलं होतं. आधी जेवण वेगळं, मग खाट वेगळी, मग बोलणंच नाही.

त्यात सगळ्यांत जास्त अडचण झाली ती व्याह्यांची. आमची पोरगी कारंज्याजवळ दिली आहे. व्याही शेतकरी माणूस, आवाजानं मोठा, मनानं सरळ. लग्नाच्या बैठकीत ह्या दोघांनी ठेचा कोण जास्त खातो यावरून जी दोस्ती केली, ती आम्हा बायकांनाही जमली नाही. शेलूबाजारच्या बाजारात काही काम निघालं की व्याही जीपनं येणार आणि आमच्याकडे जेवूनच जाणार, हा रिवाज. लकवा येऊन गेला एवढंच त्यांना आणि पोरीला माहीत; हात गेला हे ह्यांनी मला सांगू दिलं नव्हतं, आणि पोरीला 'येऊ नको, बरा हाय' म्हणून फोनवरच थोपवलं होतं. लकव्यानंतर व्याही आले तेव्हा ह्यांनी हात दुपट्ट्याखाली घेतला, गप्पा मारल्या, आणि जेवायच्या वेळी म्हणाले, आत्ताच जेवलो. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. आमच्याकडे व्याह्यानं व्याह्याच्या शेजारी बसून जेवलं नाही, तर त्याचा अर्थ एकच होतो. पोरीचा फोन आला, "आई, बाबा माह्या सासऱ्यावर रागावले का? घरी सगळे मलेच इचारून राह्यले."

मी ह्यांना सांगितलं, एकदा सांगून टाका ना त्यांना. हे दुपट्टा सावरून शेडाकडे चालू लागले. पोरीच्या सासरी जायचं तर त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

अशात वैशाखातल्या एका सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, "मले एक टेबल पायजे. लहानसं. शेडात ठेवाले. डरावरवालं."

"कोन करन?"

"तू करशीन. मी सांगतो."

आमच्या मागच्या शेडाबद्दल सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा राजकारणाला. हे लाकडाला लागले. टिनाचं शेड घातलं, करवत, रंधा, पटाशी, गुण्या असं एकेक जमवलं. गावातल्या सुताराचं डोकं खाल्लं, उरलेलं फोनवर पाहून शिकले. आमच्या घरातले सगळे स्टूल ह्यांच्या हातचे, आणि प्रत्येक स्टुलाच्या एका पायाखाली कागदाची घडी. लकव्यानंतर शेडात नुसतं ताट जात होतं, हत्यारं भिंतीवर तशीच लटकली होती. त्यामुळे टेबल म्हटल्यावर मला इतका आनंद झाला, की डरावर कशाला पाहिजे हे विचारायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. हे स्टुलावर बसायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. जुन्या घराच्या दाराच्या सागवानी फळ्या ठेवलेल्या होत्या, त्या काढल्या. मी आयुष्यभर लोकांच्या जखमा शिवल्या, बाळंतपणं केली, माझा हात कधी थरथरला नाही. करवत धरली आणि ती पहिल्याच ओढीला रेघ सोडून शेतात शिरली.

"अवं नर्सबाई, हे लाकूड हाय, पेशंट नाई. त्याले दुखत नाई. जोर लाव."

"करवतच बोथट हाय तुमची."

"हो ना. नाचता येईना, आंगन वाकडं."

रंधा मारताना तर आमचं रोज भांडण. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला जातात त्या बाजूनं रंधा ओढायचा, उलटा ओढला की फळी सालटून निघते. हे मला पाठ झालं होतं, पण रेषा कोणत्या बाजूला जातात हेच दिसायचं नाही. हे म्हणायचे, मांजराच्या पाठीवरून हात फिरवतं तसा फिरव, कोणत्या बाजूनं केस उभे राहतात ते समजते. मी म्हटलं, मांजर आणून द्या. दुपारी बारानंतर टिन तापलं की शेडात उभं राहवायचं नाही, तेव्हा आम्ही सकाळच्या गारव्यात काम करायचो आणि ऊन अंगावर आलं की भांडण अर्धवट सोडून घरात यायचो.

फळी हलू नये म्हणून कोणीतरी दाबून धरायला हवी. एकदा मी कापत होते आणि फळी उडत होती, तर हे उठले, उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि फळीवर आणून ठेवला. त्यावर अंगाचा भार टाकला. फळी गप्प झाली. "पाह्य," म्हणाले, "शिकंजा भेटला. फुकटचा." पुढचं सगळं टेबल त्या हातानं धरून झालं. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की मी संध्याकाळी शिरा केला, आणि तो अर्थातच शेडात नेऊन ठेवला.

वरची फळी दोन तुकड्यांची जोडली. गोंद लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली आणि रात्रभर ठेवली. पाय बसले. टेबल उभं राहिलं, आणि गंमत म्हणजे ते हललं नाही. मी चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिलं. हेही उठून दाबून गेले. ह्यांच्या कोणत्याही स्टुलापेक्षा माझं टेबल सरळ उभं होतं, आणि ह्यावर ते काहीही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं होतं.

मग ड्रॉवर. त्याचं माप ह्यांनी इंचात सांगितलं नाही. एक सुतळी आणून दिली, तिला दोन गाठी. "लांबी इतकी. रुंदीबी इतकीच. खोली चार बोटं." मी म्हटलं, चौरस ड्रॉवर कोण करतं, हत्यारं ठेवायची तर लांबट हवा आणि खोल हवा. "तू कर ना सांगतलं तसं." मी केला. तळाला प्लायवूड टाकायचं होतं. तो तुकडा कापून शेडाच्या कोपऱ्यात ठेवला होता, तो आणायला गेले तर त्यावर पेन्सिलीनं एक मोठा गोल काढलेला. काठ सुबक, थोडा डावीकडे सरकलेला. शेजारीच माझं स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट पडलं होतं, जे मी सकाळपासून शोधत होते.

मला क्षणभर काही कळलं नाही आणि मग सगळंच कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; आपलंच जेवण लपवायला फर्निचर करणारा हा पहिलाच.

"हे ताट लपवाले करून राह्यले का तुमी?"

हे स्टुलावरच होते. नाकारलं नाही. "दार लावलं त लोक ठोकतेत. आत काय करून राह्यले, इचारतेत. दार उघडं ठेवलं आन कोनी आलं, त ताट सरकवता येते. हात पुसला का झालं."

"आन मी माह्या हातानं ते करून देऊ?"

"माह्या हातानं होत असतं त तुले कायले सांगतलं असतं."

मी प्लायवूड तिथेच टाकलं आणि घरात निघून आले. संतापले होते. त्यांच्यावर, मेलेल्या सासूवर, त्या फटक्यावर. दोन दिवस शेडाकडे फिरकले नाही. पण भांडी घासताना, कपडे वाळत घालताना डोक्यात तेच. आजारपणानंतर ह्या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याच्या केसांत पुन्हा भुसा दिसायला लागला होता, तो माझ्याशी भांडायला लागला होता. ते सगळं मी एका ड्रॉवरपायी थांबवू? नर्सचं डोकं म्हणत होतं, जखम झाकून ठेवली की चिघळते. बायकोचं मन म्हणत होतं, झाकू दे बाई, निदान जेवेल तरी निवांत. तिसऱ्या दिवशी मी जाऊन ड्रॉवरचा तळ ठोकला. मला त्याची लाज वाटत होती आणि तो सुबक व्हावा असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

ड्रॉवर बसवायच्या दिवशी मी म्हटलं, फट किती ठेवू? कारण ह्यांचंच शिक्षण होतं, उन्हाळ्यात लाकूड सुकून बसलेलं असतं, पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगतं. कपाट असो की खिडकी, फट सोडल्याशिवाय करू नये. गावात कोणाचं दार श्रावणात अडकलं की हे पुढे होऊन त्याला हे ज्ञान पाजायचे. आणि आता म्हणाले, "फट नोको ठेवू. फट ठेवली त वास बाहेर येईन."

मी दोनदा विचारलं. दोनदा तेच. मग मी फट ठेवली नाही. विहारातून वंदनेच्या मेणबत्त्यांची बुडखं आणून सरकायच्या पट्ट्यांवर घासली. ड्रॉवर आत गेला तो असा, की आतली हवा फुस्स करून बाहेर आली आणि काठाला काठ भिडला. रेघसुद्धा दिसेना. हे किती तरी वेळ तो उघडत होते आणि बंद करत होते. लबाडीसाठी केलेली इतकी चांगली वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

उरलेला उन्हाळाभर ती लबाडी चालली. दार उघडं ठेवून हे जेवायला बसायचे, फाटकाचा आवाज आला की फुस्स. एकदा शेजारचे गृहस्थ येऊन पाणीटंचाईवर इतका वेळ बोलत बसले, की ड्रॉवरमधलं वरण थिजून गेलं. एवढ्या वेळात ह्यांनी त्यांना चहा पाजला, पान दिलं, आणि मधून मधून टेबलावर बोटं वाजवत होते. मी चुलीपुढून म्हणजे गॅसपुढून ते पाहायचे आणि मला वाटायचं, जावं आणि सगळ्यांसमोर ओढावा तो ड्रॉवर. नाही ओढला.

मग पावसाची झड लागली. दिवसच्या दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटलेलं. अशाच एका दुपारी मी ह्यांना अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा नेऊन दिला आणि घरात आले. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं आवाज आला, "इवाई, हायेत का घरी?" व्याही. जीप हमरस्त्यावर सोडून पावसात चालत आले होते आणि पुढच्या दारानं न येता सरळ शेडाकडे गेले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, ह्यांना ताट लपवायला वेळ मिळावा म्हणून नव्हे, पण पाय तसेच धावले.

मी पोचले तेव्हा ड्रॉवर बंद होता. बंद म्हणजे कसा, शेवटचं बोटभर अंतर ह्यांनी गुडघ्यानं ठोसून आत घातलं होतं, हे मला नंतर कळलं. हे दुपट्ट्याला हात पुसत होते. व्याही ओलेचिंब, स्टुलावर बसले आणि दोन्ही कोपरं त्याच टेबलावर टेकली.

"अंबाडीचा वास येऊन राह्यला," व्याही म्हणाले.

"तुमच्यासाठी वाढते ना," मी म्हटलं. "बसा, घरात चला."

"इवाई, चला मंग. जेवू."

"आत्ताच जेवलो मी," हे म्हणाले.

 टिनावर पाऊस वाजत होता. व्याह्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, पिळला, मांडीवर पसरला. मग खाली पाहूनच म्हणाले, "मी आज बाजाराच्या कामानं नाई आलो. एक इचाराले आलो. इहीनबाई, तुमीबी ऐका. आमच्या घरून काई चुकलं का? पोरीनं काई सांगतलं का तुमाले? आमी तिले काई कमी पडू देत नाई. पन चुकलं असन त तोंडावर सांगा. तुमी माह्यासंगं जेवत नाई, हे मले घरी सांगता येत नाई."

एवढा दांडगा माणूस, आणि आवाज असा, जसा बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या बापाचा असतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा लाल झाला होता. मी ठरवलं होतं, ह्या वेळी मी काही बोलणार नाही, ह्यांच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही. ते माझं काम नव्हतं.

हे उठले. डाव्या हातानं ड्रॉवरची मूठ धरली आणि ओढली.

ड्रॉवर निघाला नाही. पुन्हा ओढला. टेबलच पुढे आलं. व्याह्यांना काही कळेना. "काय काढता?"

"सांगतो. पयले निघू द्या."

"हटा, मी पाह्यतो." व्याह्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली. मी मागून टेबल आवळून धरलं. त्यांनी हिसका दिला, मी टेबलासकट पुढे गेले. मी म्हटलं, पटाशी घालून उचकटू या. हे ओरडले, "पटाशी नोको, काठ खराब होईन." आयुष्याचा प्रश्न समोर उभा आहे आणि ह्यांना काठाची काळजी. शेवटी व्याह्यांनी एक पाय टेबलाच्या पायाला लावला आणि शेतातल्या धुऱ्याचा बांध फोडावा तसा जोर लावला. फुगलेला ड्रॉवर करकरत आला आणि एकदम सुटला, आणि व्याही मागे भुशाच्या ढिगात बसले. ड्रॉवर त्यांच्या मांडीवर. ड्रॉवरात ताट. ताटात मोडलेली भाकर, सगळ्या ताटभर पसरलेली भाजी, काठावर न उचलता आलेले, बोटांतून सुटलेले घास.

त्यांनी ताट पाहिलं. मग ह्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, ज्याच्या नखांत अजून भाजी होती. मग दुपट्ट्याखालच्या हाताकडे.

"डाव्या हातानं जेवतो मी," हे म्हणाले. "उजव्यानं होत नाई. म्हनून तुमच्यासंगं बसलो नाई. तुमचं काई चुकलं नाई. पोरीचंबी नाई."

व्याह्यांनी मांडीवरचा ड्रॉवर सावरला. मग म्हणाले, "मंग? हात कोन्ताबी असो, तोंड त मधातच हाय ना?"

मी हसले. खूप दिवसांचं साठलेलं हसले. हेही हसले, ओठ एका बाजूनं जरा वाकडे करून, लकव्यानंतर हसतात तसे. व्याही मात्र हसले नाहीत, कारण ते विनोद करत नव्हते. त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, ड्रॉवर जमिनीवर ठेवला, एक पोतं अंथरलं आणि म्हणाले, "इहीनबाई, मलेबी वाढा. भूक लागली. आन इवाईची भाकर गार झाली, गरम आना."

टेबलावर दोन ताटं मावत नव्हती. ते केलंच होतं एकट्यासाठी. म्हणून ते दोघं खालीच बसले, मधे ताटं. ह्यांना खाली बसायला वेळ लागला, व्याह्यांनी धरून बसवलं. मी भाकरी थापून आणत होते आणि येता-जाता पाहत होते. पहिला घास ह्यांच्या हातून सुटला. दुसरा हनुवटीला लागला. व्याही सोयाबीन पिवळं पडत चाललंय त्याबद्दल बोलत होते. त्यांनी नजर चोरली नाही आणि रोखूनही पाहिलं नाही, समोर जेवणाऱ्या माणसाकडे बघतात तसं बघत राहिले. असं बघणं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं. आमच्या बघण्यात नेहमी थोडं औषध असतं.

दुसरी भाकर वाढली, तिसरीला हे नाही म्हणाले नाहीत.

मधेच व्याह्यांचा फोन वाजला. त्यांची सून, म्हणजे आमची पोरगी. सासरे पावसात निघाले म्हणून काळजी. व्याह्यांनी खरकट्या बोटाच्या पेरानं व्हिडिओ चालू केला आणि फोन डाव्या हातात वर धरला.

"मामाजी, पोचले का?"

"पोचलो. तुह्या बापासंगं जेवून राह्यलो."

तिचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. मग, "बाबा जेवून राह्यले?"

"हा पाह्य," म्हणून व्याह्यांनी फोन ह्यांच्या तोंडासमोर नेला. पोरीनं बापाला फोनवर असंच पाहिलं होतं इतके महिने, नुसता चेहरा, नुसती मान, कधी हात नाही. हे घास चावत होते. गालाला भाजी लागली होती. त्यांनी फोनमधल्या स्वतःकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि घास गिळला.

"इवाई," ते म्हणाले, "फोन खाली करा. ताट दिसू द्या तिले."

व्याह्यांनी फोन खाली केला. हे जेवत राहिले. डाव्या हातानं भाकर मोडली, भाजीत फिरवली, घास अर्धा सांडला, अर्धा तोंडात गेला. पोरगी पाहत होती. मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते, माझं स्वतःचं तर सुरूच झालं होतं.

ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, बाबाच्या ताटातली भाजी सरली. वाढ ना."

मी वाढली.